दोन बुलेट, एक चेसिस नंबर

पहिला पाना हातात घेण्याआधी दोन्ही गाड्यांची आरसी बुकं समोरासमोर ठेवा. दोन जुन्या मोटारसायकलींतून एक उभी करायची म्हटली की माणूस आधी इंजिनाकडे बघतो, मग टाकीकडे. खरा पहिला प्रश्न वेगळा आहे: कागदावर कोणती गाडी जिवंत राहणार? जिचे कागद धड आणि चेसिस नंबर स्वच्छ वाचता येतो, ती घेणारी. दुसरी देणारी. एवढं ठरलं की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत. ते न ठरवता सुरुवात केली, तर शेवटी देखणी गाडी उभी राहते आणि रस्त्यावर काढता येत नाही.

हा लेख तंजावर डोळ्यांसमोर ठेवून आणि बुलेटविषयी लिहितो आहे. त्याला कारण आहे. बुलेट या प्रदेशाचीच गाडी. भारतीय सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या, त्या मागणीतून १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण तिरुवोट्टियूरची बुलेट चालूच राहिली. ७० मि.मी. बोअर, ९० मि.मी. स्ट्रोक, ३४६ सीसी, ओतीव लोखंडाचा बोअर, वेगळा गिअरबॉक्स, ही मांडणी साधारण २००९-१०पर्यंत टिकली. पन्नास वर्षांहून जास्त काळ सांगाडा फारसा न बदललेली दुसरी मोटारसायकल आपल्याकडे शोधून सापडणार नाही. म्हणूनच १९७०च्या बुलेटला १९९०च्या बुलेटचा गिअरबॉक्स बसतो. दोन गाड्यांची एक करण्यासाठी नवशिक्याने निवडावी अशी ही गाडी आहे.

तंजावरात प्रसंगही असाच येतो. राजवाड्याभोवतीच्या मेन स्ट्रीटांवरच्या एखाद्या जुन्या मराठी घरात आजोबांची बुलेट पडवीत उभी असते. इंजिन जाम, कागद मात्र शाबूत. आणि कुंभकोणम किंवा तिरुचीकडून दुसरी बुलेट भंगाराच्या भावात चालून येते, जिचं इंजिन फिरतं पण चेसिस मडगार्डाखाली कुजलेलं. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या दुरुस्त करायला पैसा पुरत नाही, आणि एकही टाकवत नाही.

कोणत्या दोन गाड्या जमतात

बुलेट म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी एका घराण्यातली नाही. लोखंडी बोअरच्या ३५० एकमेकींशी जमतात. ५०० सीसीचं जुनं लोखंडी इंजिनही जवळपास त्याच चेसिसमध्ये बसतं, पण आरसीवरची सीसी बदलते आणि तिथे कायदा आडवा येतो. त्याबद्दल पुढे. २००९नंतरच्या, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या गाड्या जुन्या चेसिसला जुळत नाहीत. त्यांच्यासाठी चेसिसच्या पट्ट्या कापाव्या लागतात, आणि चेसिस कापायचं नाही हे मी या कामातलं पहिलं पथ्य मानतो.

डिझेल बुलेट स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. देणारी म्हणून ती चालेल: चाकं, हँडल, चिमटा, मडगार्ड उपयोगी पडतात. घेणारी म्हणून नको. तिच्या आरसीवर इंधन डिझेल लिहिलेलं असतं, आणि पेट्रोलचं इंजिन बसवलं की कागद आणि गाडी यांची ताटातूट होते.

दोन्ही गाड्या बघायला जाताना सोबत वर्नियर, टॉर्च आणि लोहचुंबक न्या. टाकीवर चुंबक फिरवला की पुट्टी कुठे जाड आहे ते लगेच कळतं. चेसिस नंबर हँडलच्या नळीवर, म्हणजे स्टिअरिंग हेडवर असतो. तिथला रंग थिनरने हलकेच पुसून आकडे बघा. घासायचे नाहीत. आकड्यांची ओळ वाकडी वाटली, एखादा आकडा दुसऱ्याच छापाचा दिसला किंवा आजूबाजूला वेल्डिंगचा डाग असेल, तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. दोन्ही नंबरांवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्या. आरटीओ हाच छाप मागतं, आणि गाडी उघडण्याआधी घेतलेला छाप पुढे तुमचा पुरावा ठरतो.

कागदांचं काम

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. या चौकटीत राहूनही उत्तम गाडी होते. चेसिस मूळचं ठेवा, इंजिन त्याच बनावटीचं, त्याच सीसीचं, त्याच इंधनाचं बसवा, आणि इंजिन बदललं आहे हे लपवू नका.

इंजिन बदलायचं ठरलं की काम सुरू करण्याआधी तंजावरच्या आरटीओत, म्हणजे टीएन ४९च्या कार्यालयात, लेखी विचारा. कुंभकोणमची नोंदणी टीएन ६८मध्ये असते. गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तिथूनच सुरुवात करावी लागते. बदल आधी होऊन गेला असेल तर तो १४ दिवसांत कळवण्याची तरतूद कलम ५२ मध्येच आहे. सोबत देणाऱ्या गाडीची आरसी, तिच्या मालकाचं विक्रीपत्र, इंजिन नंबराचा छाप आणि सुट्या भागांची बिलं ठेवा. आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. तो फॉर्म ३१. जिवंत मालकाकडून घेतलेली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्रातून आणलेल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्यासाठी गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते, म्हणून ब्रेक, दिवे, हॉर्न आणि आरसे ही शेवटची कामं नाहीत.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी हाताशी असेल तर थांबून विचार करा. जुलै २०२१च्या नियमांनुसार अशा गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असेल आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. अशा गाडीत दुसरीचं इंजिन घालणं म्हणजे तो मान स्वतःच्या हाताने घालवणं. अशी गाडी देणारी तर कधीच करू नका. माझं मत विचाराल तर तिला हात न लावता तशीच जपा आणि जोडकामासाठी आणखी एक भंगार बुलेट शोधा.

उघडताना

तंजावरला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. हवेत ओल असताना रंग मारला तर तो पांढुरका पडतो, आणि उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. म्हणून गाडी पोंगल झाल्यावर उघडावी आणि मार्च-एप्रिलात रंगाला द्यावी. लेथवाला, बोरिंगवाला, पेंटर यांच्या तारखा घेताना पोंगल, दिवाळी आणि खंडेनवमी वगळून धरा. इथे खंडेनवमीला आयुधपूजा असते. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र धुऊन, चंदन-कुंकू लावून उभं असतं आणि त्या दिवशी पाना कोणी उचलत नाही.

एका वेळी एकच गाडी उघडा, आणि आधी देणारी. तिच्यावर हात बसतो, कुठला बोल्ट कुठे अडतो ते कळतं, आणि चुकलंच तर नुकसान कमी. प्रत्येक जोडणी सोडवण्याआधी फोटो काढा. वायरी, केबली आणि कार्बोरेटरच्या नळ्या यांचे फोटो दोन बाजूंनी. नट-बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवता आले तर सर्वांत चांगलं. नाहीतर पिशवीत, आणि पिशवीवर गाडीचं नाव, भाग, बाजू. घेणाऱ्या गाडीच्या पिशव्या निळ्या, देणारीच्या लाल, अशी खूण करा. दोन गाड्यांचे बोल्ट एका डब्यात गेले की आठ दिवस त्यातच जातात. तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारचे मोडीतले कागद आजही वाचता येतात, ते कोणीतरी रोजच्या रोज लिहून, बांधून ठेवले म्हणून. या कामालाही एक वही करा. मोजलेलं प्रत्येक माप, बदललेला प्रत्येक भाग, दिलेली प्रत्येक रक्कम तीत लिहा. आरटीओत आणि लेथवर ही वही तुमच्या बाजूने बोलते.

जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापांचे आटे आहेत, त्यांत इंचाला २६ आट्यांचा सायकल थ्रेडही येतो. पुढच्या काळातल्या गाड्यांवर मेट्रिक बोल्ट येत गेले. दोन वेगळ्या दशकांतल्या गाड्या एकत्र करताना एकसारखा दिसणारा बोल्ट दोन-तीन फेरे छान बसतो आणि मग आवळताना ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. पिच गेज स्वस्त मिळतो. तो लावल्याशिवाय दुसऱ्या गाडीचा बोल्ट क्रँककेसमध्ये घालू नका.

चेसिस आधी

घेणारीचं चेसिस पूर्ण नागडं करून डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने घासा आणि भर उन्हात बघा. तडे तीन ठिकाणी शोधायचे: हँडलच्या नळीखालच्या सांध्यात, मागच्या चिमट्याच्या बुशाजवळ आणि मेन स्टँडच्या कानांपाशी. केसासारखी गंजाची रेघ दिसली तर तिथे तडा धरूनच चाला. बुलेटचं चेसिस खालून उघडं असतं. पुढची नळी येऊन क्रँककेसला बोल्टने जोडली जाते, म्हणजे इंजिन हाच चेसिसचा खालचा तुळईसारखा भाग. म्हणून इंजिनाच्या पट्ट्या आणि त्यांचे स्टड दोन्ही गाड्यांतले मोजून जे घट्ट बसतात तेच घ्या. भोकं लांबट झालेली पट्टी नव्याने करून घ्या. तिथे वॉशर भरून काम भागवलं की गाडी ६०च्या वर थरथरते, आणि माणूस वर्षभर कार्बोरेटर चाळत बसतो.

देणारीच्या चेसिसमधून काहीही कापून घेणारीला वेल्ड करायचं नाही. नंबराचा तुकडा तर मुळीच नाही. तो सरळ गुन्हा आहे.

इंजिनातल्या जोड्या

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. दोन इंजिनं उघडली की चांगला भाग इकडचा, चांगला भाग तिकडचा असं वेचावंसं वाटतं. इंजिनात सुटे भाग दिसतात तितके सुटे नसतात. काही भाग कारखान्यात एकत्र कापले गेले, काही वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांचे झाले. भाग वेचायचे तर जोडीने वेचा.

पहिली जोडी क्रँककेसचे दोन अर्धे. बेअरिंगच्या जागा दोन्ही एकत्र धरून कापलेल्या असतात. एका जात्याची खालची तळी आणि दुसऱ्याची वरची तळी बसवली तर खुंटा मधोमध येत नाही, तसंच इथे: एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा अर्धा जोडला की क्रँकची रेषा तिरकी जाते, बेअरिंग तापतं आणि महिन्याभरात ओरडायला लागतं. क्रँककेस घ्यायची ती पूर्ण, एकाच गाडीची. इंजिन नंबरही तिच्याबरोबर येतो, म्हणून हा निर्णय कागदांशी बांधलेला आहे. घेणारीची क्रँककेस फुटलेली नसेल तर तीच ठेवा आणि आतले भाग देणारीकडून आणा. असं केलं तर नंबर बदलत नाही आणि आरटीओचं निम्मं काम वाचतं. हाच मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

दुसरी जोडी क्रँकची: दोन फ्लायव्हील, क्रँकपिन, कनेक्टिंग रॉड. हे सगळं एकाच गाडीचं घ्या. बिग एंडमध्ये वर-खाली ढिलेपणा नको, बाजूला थोडी सरक चालते. क्रँक लेथवर सेंटरमध्ये धरून डायल लावायला सांगा. दोन्ही टोकांची थरथर ०.०५ मि.मी.च्या आत आली पाहिजे. डायल न लावता नुसता हातोडा मारून डोळ्याने सरळ करणाऱ्या कारागिराला क्रँक देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. तंजावरात सोय झाली नाही तर तिरुची ५५-६० किलोमीटरवर आहे. तिथे भेलमुळे यंत्रकामाची परंपरा उभी राहिली आहे आणि चांगले टर्नर मिळतात.

तिसरी जोडी बोअर आणि पिस्टन. दोन बोअरपैकी कोणता घ्यायचा ते आतून मोजून ठरवा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. वर काठ लागलेला असेल, म्हणजे बोट फिरवल्यावर पायरी जाणवत असेल, तर बोरिंग लागणारच. मग आधी पिस्टन विकत घ्या आणि तो पिस्टन बोरिंगवाल्याच्या हातात द्या. ‘०.५० करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असं कधीच सांगू नका. पिस्टनवर छापलेलं माप आणि प्रत्यक्ष माप यांत फरक असतो, आणि किती फट सोडायची ते पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर असतं. दोन बोअरपैकी ज्याला अजून एक-दोन बोरिंगं उरली आहेत तो गाडीला लावा.

टायमिंगची चाकं, कॅम आणि टॅपेट हीसुद्धा जोडीने. झिजलेल्या कॅमवर नवा टॅपेट लवकर खड्डा पाडतो. ऑइल पंप उघडताना लक्षात ठेवा, क्रँकच्या टोकाचा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे. नेहमीच्या दिशेने जोर लावून तो मोडणारे बरेच. बुलेटला तेल देणारा आणि परत ओढणारा असे दोन पंप असतात आणि तेलाची टाकी क्रँककेसमध्येच असते. दोन्ही गाड्यांचे पंप तपासून ज्यांची चकती आपल्या घरात घट्ट बसते ते निवडा आणि बारीक पेस्टने काचेवर घासून घ्या. क्रँककेसमधली तेलाची प्रत्येक वाट हवेने फुंकून मोकळी करा. तीस वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात काळा गाळ साबणासारखा घट्ट झालेला असतो. तो तसाच राहिला तर बाकी सगळी मेहनत पहिल्या ५० किलोमीटरांत जळून जाते.

बेअरिंग बसवताना क्रँककेस साधारण १०० अंशांपर्यंत एकसारखी गरम करा आणि बेअरिंग हाताच्या दाबाने खाली जाऊ द्या. एका जागी गॅसची ज्योत धरली तर ॲल्युमिनियम वाकतं. पॅकिंगं आणि ऑइल सीलं सगळी नवी, जुनी कितीही चांगली दिसली तरी.

गिअरबॉक्स आणि पायाखालची अदलाबदल

जुन्या बुलेटचा चार गिअरचा अल्बियन गिअरबॉक्स क्रँककेसच्या पाठीला चार स्टडवर बसतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नंतरच्या पाच गिअरच्या बॉक्सात गिअर डावीकडे आला. हा बॉक्स जुन्या इंजिनाला बसतो म्हणून पुष्कळजण तो घालतात, पण ब्रेकचं पेडल मग उजवीकडे न्यावं लागतं. मागचा ड्रम डावीकडेच असल्याने मधून आडवा शाफ्ट आणि त्याच्या कड्या लागतात. देणारी गाडी डाव्या गिअरची असेल तर गिअरबॉक्सबरोबर हा सगळा आडवा संच आणि पेडलही काढून घ्या, एकही कडी मागे ठेवू नका. सुटं करून घेतलेलं हे काम बहुतेक वेळा ब्रेकला लवचीक करतं, आणि ब्रेकमध्ये तडजोड नको.

क्लच, प्रायमरी चेन आणि इंजिनचं पुढचं स्प्रॉकेट हे तिन्ही एकाच गाडीचे असावेत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उडते. सगळं बसल्यावर इंजिनाचं स्प्रॉकेट आणि क्लचचं स्प्रॉकेट यांवर सरळ पट्टी धरून एका रेषेत आहेत का बघा. नसतील तर शिम घाला.

चाकं, चिमटा, ब्रेक

मागच्या चाकात ड्रम आणि स्प्रॉकेट एकाच ओतकामाचे असतात. म्हणून दोन चाकांतून निवडताना दाते आणि ड्रमची आतली बाजू दोन्ही बघा. दाते चांगले पण ड्रम अंडाकृती, असं चाक बाजूला ठेवा. ड्रम लेथवर घेता येतो, पण फार पातळ झाला तर तडकतो. आतले कश रबर नवे घाला.

पुढचा डिस्कवाला चिमटा नंतरच्या मॉडेलवरून आणायचा असेल तर तो दोन्ही टी, बेअरिंगच्या वाट्या, ॲक्सल आणि चाकासकट आणा. वाट्या तुमच्या हँडलच्या नळीत बसतात का ते आधी मोजा. नळी घासून मोठी करायची नाही. चाकं बसल्यावर मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणा. चारही स्पर्श एकाच वेळी आले पाहिजेत. हे काम रंगाआधी, नुसत्या चेसिसवर चाकं चढवून करायचं, म्हणजे फरक निघाला तर दुरुस्त करता येतो.

वायरिंग

सहा व्होल्ट आणि बारा व्होल्ट यांची मिसळ करायची नाही. देणारी गाडी बारा व्होल्टची असेल तर अल्टरनेटर, रेग्युलेटर, कॉइल, बॅटरी, सगळे बल्ब आणि हॉर्न हा पूर्ण संच एकत्र आणा. जुनी वायरिंग कापून जोडण्यापेक्षा नवी बांधून घ्या. उन्हाने वायरीचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज, आणि इंजिनापासून चेसिसला जाड अर्थ. पॉइंट ठेवणार असाल तर फट ०.३५ ते ०.४० मि.मी.

रंग

रंगावर फार लिहीत नाही. गाडी एकदा पूर्ण जोडून, चालवून, परत सोडल्यावरच रंग द्या. आधी रंग दिला तर प्रत्येक भोक जुळवताना तो उडतो. एवढं मात्र नक्की करा: टाकीवरच्या रेघा स्टिकरच्या नकोत. चेन्नईच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवर सोनेरी रेघ आजवर ब्रशने, हाताने ओढली जात आली आहे. तंजावर चित्रांच्या गावात बारीक ब्रशवर हात बसलेला माणूस मिळणं अवघड नाही. त्याच्याकडून ती रेघ ओढून घ्या. टाकी आतून मात्र रंगाआधीच साफ करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते पाणी ओढतं, जुनी रबरं फुगवतं आणि टाकीतला सुटा गंज कार्बोरेटरमध्ये नेतं. पेट्रोलच्या नळ्या, कॉकचं बूच आणि फ्लोटची सुई इथेनॉलला टिकणारी घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

सुटे भाग शोधायला चेन्नईच्या पुदुपेट बाजाराचं नाव सगळे घेतात. तिथे खरंच जे मागाल ते मिळतं. पण नंबर असलेला कोणताही भाग, विशेषतः क्रँककेस, बिल आणि मूळ आरसीची प्रत घेतल्याशिवाय उचलू नका.

पहिली किक आणि पहिले ५०० किलोमीटर

तेल भरल्यावर लगेच चालू करू नका. प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून किक मारत राहा आणि तेलाच्या टाकीच्या तोंडातून बघा. परतीचं तेल पडताना दिसलं की पंप काम करतो आहे. मगच प्लग बसवा. टॅपेट थंड इंजिनावर लावायचे: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पहिल्यांदा चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटांत बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट पुन्हा आवळा. असं काही वेळा करा.

रनिंगसाठी पहाटे निघा. तिरुवैयारूपर्यंतचा १३ किलोमीटरचा रस्ता पहिल्या फेऱ्यांना योग्य आहे. बिघाड झाला तर ढकलत आणता येते. मग कल्लणै, मग कुंभकोणम. पहिले ५०० किलोमीटर ५०च्या वर नेऊ नका आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नका. सुगीच्या दिवसांत कावेरीच्या खोऱ्यात शेतकरी रस्त्यावर भात वाळत घालतात. नव्या ब्रेकनिशी त्यावर चाक गेलं तर गाडी सरळ आडवी होते. त्या हंगामात अशा रस्त्यांवर रनिंग करू नका. पहिलं तेल २५० किलोमीटरांवर काढा, पांढऱ्या कापडातून गाळून बघा. राखाडी भुगा चालतो. चमकणारे पितळी कण दिसले तर बुश खातो आहे, इंजिन पुन्हा उघडा.

विमा काढताना कंपनीला बदललेला इंजिन नंबर लिहून द्या. आरसीवर एक आणि गाडीवर दुसरा नंबर असेल तर अपघाताच्या वेळी सगळं अडतं.

आता उरलेली गाडी. तिचं चेसिस रस्त्यावर परत येणार नाही, म्हणून तिची नोंदणी रद्द करून घ्या. कलम ५५ त्यासाठीच आहे: आरसी जमा करायची आणि गाडी कायमची वापराबाहेर गेली असं कळवायचं. ती रद्द केली नाही तर कोणीतरी तेच कागद चोरीच्या गाडीला लावू शकतं, आणि चौकशी तुमच्या दारात येते. भागांपैकी दुसरा बोअर तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, पुढच्या बोरिंगला तो लागेल. गिअरबॉक्सचं कवच, मागचा ड्रम, हेड आणि कार्बोरेटर हेही ठेवा. झिजलेला क्रँक, जुनी वायरिंग आणि वाकलेली मडगार्डं भंगारात द्या.